पोलादी इमारतींचे अग्निकवच

गावच्या लोहारसाळेत ज्याने घटकाभर तरी घालविली आहे, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आलेली असते. लोहार लोखंड वितळवीत नाही. भात्याने कोळसा फुलवून तो पट्टी लाल करतो, ऐरणीवर धरतो, आणि हातोड्याच्या मोजक्या घावांत तिला विळ्याचे किंवा नांगराच्या फाळाचे रूप देतो. पोलाद वितळावयास सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. लोहाराचे काम त्याच्या कितीतरी आधी उरकते. पोलाद वितळण्याच्या फार अगोदर मऊ होते, ही लोहाराच्या सोयीची गोष्ट पोलादी सांगाड्याच्या इमारतीला आग लागली म्हणजे माणसांच्या जिवावर बेतते.

ही मऊ होण्याची क्रिया आकड्यांत मांडता येते. पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात, म्हणजे आय. एस. ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत, त्यासाठी साधे सूत्र दिले आहे. ज्या ताणापुढे पोलाद कायमचे वाकू लागते, त्या ताणात २१५ अंशांपर्यंत घट धरावयाची नाही. त्यापुढे ९०५ मधून तापमानाचा आकडा वजा करावा आणि बाकीला ६९० ने भागावे, म्हणजे मूळच्या ताकदीचा किती हिस्सा उरला ते मिळते. ५६० अंशांवर हे उत्तर बरोबर अर्धे येते. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे आणि सोबत हेही सांगावे की, अंधाऱ्या खोलीत तापलेल्या लोखंडाला पहिली अंधूक तांबूस छटा दिसू लागते ती सुमारे ५२५ अंशांवर. डोळ्यांना लाली जेमतेम जाणवावी, तोच तुळईची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते.

इमारतीतील आग या तापमानाला किती वेळात पोहोचते? अग्निपरीक्षेच्या भट्टीत जे प्रमाणभूत तापमान राखले जाते, ते पहिल्या पाच मिनिटांतच सुमारे ५७५ अंशांवर जाते. अर्ध्या तासात ते ८४० अंशांच्या आसपास आणि तासाभरात ९४५ अंशांपर्यंत चढते. आगीतल्या हवेबरोबर पोलाद तत्काळ तापत नाही हे खरे. तथापि उघड्या, हलक्या तुळया दहा-पंधरा मिनिटांतच धोक्याच्या मर्यादेपाशी येतात. शिवाय तापलेले पोलाद लांबते. दहा मीटर लांबीची तुळई ५०० अंशांनी तापली तर तिची लांबी सहा सेंटिमीटरांनी वाढते. दोन्ही टोके जखडलेली असली तर ही वाढ खांबाला ढकलते, नाहीतर तुळईच वाकविते. “पोलाद काही जळत नाही,” असे पुष्कळ जाणकारही सहज बोलून जातात. ते जळत नाही हे खरे, पण प्रश्न तो नव्हेच.

वीटकामापासून फवाऱ्यापर्यंत

१८७१ साली शिकागो शहर जळाले तेव्हा ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभ्या असलेल्या, अग्निसुरक्षित म्हणविल्या जाणाऱ्या इमारतीही कोसळल्या. त्यानंतर अमेरिकेत लोखंडी सांगाड्याभोवती भाजलेल्या मातीच्या पोकळ विटा लावण्याची, आणि पुढे तो काँक्रीटमध्ये गाडून टाकण्याची पद्धत रूढ झाली. हे उपाय चांगले होते, परंतु फार जड होते. पन्नास मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटचे दर चौरस मीटरला १२० किलोग्रॅम वजन होते. फवारणीने दिलेल्या पंचवीस मिलिमीटर हलक्या गिलाव्याचे वजन तेवढ्याच जागेला अवघे सहा किलोग्रॅम भरते. साठ-सत्तर मजली इमारतीत हा फरक पायापर्यंत जाऊन भिडतो. गगनचुंबी इमारतींच्या युगात फवारणीची पद्धत झपाट्याने पसरली, त्याचे मुख्य कारण हेच होय.

या गिलाव्यात असते काय? बहुधा जिप्सम किंवा सिमेंट हे बांधून ठेवणारे द्रव्य, आणि त्यात मिसळलेले हलके भरण. भरणासाठी व्हर्मिक्युलाइट नावाचे, अभ्रकाच्या जातीचे खनिज पुष्कळ वापरतात. तापविले असता ते ज्वारीच्या लाह्यांसारखे फुलते आणि पापुद्र्या-पापुद्र्यांमध्ये हवा कोंडून ठेवते. काही मिश्रणांत त्याऐवजी खनिज लोकरीचे तंतू घालतात. हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे अशा गिलाव्यातून उष्णता पोलादाच्या मानाने शेकडो पटींनी सावकाश आत शिरते. जिप्समचा गुण याहून वेगळा आहे. त्याच्या वजनाचा सुमारे पंचमांश भाग हा रासायनिक रीतीने बांधलेल्या पाण्याचा असतो. उष्णता शंभर अंशांच्या पुढे गेली की हे पाणी सुटून त्याची वाफ होऊ लागते, आणि ते सारे निघून जाईपर्यंत गिलाव्याचे तापमान तेथेच अडखळते. चुलीवरच्या पातेल्यातले पाणी आटेपर्यंत पातेले करपत नाही, तसाच हा प्रकार. पाणी संपले म्हणजे मात्र पुढचा भार एकट्या कोंडलेल्या हवेवर पडतो. “दोन तासांचे संरक्षण” या शब्दांचा अर्थ एवढाच की, भट्टीतल्या प्रमाणभूत आगीत गिलाव्याने पोलादाला तेवढा वेळ सांभाळले. दोन तासांनंतर काय, याचे उत्तर त्या शब्दांत नाही.

जाडी किती द्यावी याविषयी एक समजूत हमखास उलटी असते. भक्कम, जाडजूड खांबाला जाड लेप आणि किरकोळ वाशाला पातळ लेप पुरेल असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुस्थिती याच्या विरुद्ध आहे. पातळ तवा चटकन तापतो आणि जाड तवा वेळ घेतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीत दर किलो पोलादामागे जेवढे अंग आगीसमोर उघडे पडते, त्याच्या चौथा हिस्साच चाळीस मिलिमीटर जाडीच्या पट्टीत पडते. म्हणून सडपातळ सळ्यांच्या कैच्यांना अधिक जाड गिलावा लागतो आणि तो देणे अधिक अवघड असते, कारण बारीक सळीवर फवारा नीट बसत नाही, निम्मा माल पलीकडे उडून जातो.

अॅस्बेस्टॉसचा अनुभव

या तंत्राच्या इतिहासातील एक काळे पान येथे उलगडणे आवश्यक आहे. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये फवारणी सुरू झाली तेव्हा तिच्यातील मुख्य द्रव्य अॅस्बेस्टॉस होते. हा तंतू आगीला दाद देत नाही, हलका असतो आणि चांगला चिकटतो. युद्धोत्तर काळात अमेरिकेतील असंख्य इमारतींच्या तुळयांवर तो फवारला गेला. परंतु फवारणीच्या वेळी त्याचे सूक्ष्म तंतू हवेत तरंगतात, श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि कित्येक वर्षांनी कर्करोगासारखे दुर्धर विकार उद्भवतात. डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील कामगारांच्या अभ्यासातून हे निदर्शनास आणले. त्या वेळी त्याच शहरात वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे उभे राहत होते. उत्तर मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवर अॅस्बेस्टॉसयुक्त फवारणी झाल्यावर १९७० मध्ये ती थांबविण्यात आली आणि वरच्या मजल्यांसाठी अॅस्बेस्टॉसविरहित मिश्रण घेण्यात आले. अमेरिकेच्या संघराज्य शासनाने १९७३ मध्ये अग्निरोधनासाठी अशा फवारणीला बंदी केली. आगीतून माणसे वाचवावयाच्या द्रव्यानेच ते लावणाऱ्या कामगारांचे प्राण घ्यावे, ही खेदाची गोष्ट होय. जुन्या इमारतीत असा राखाडी, तंतुमय लेप आढळल्यास तो खरवडून पाहण्याचा मोह टाळावा आणि प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घ्यावी.

तीन इमारतींची साक्ष

अग्निरोधक आवरण प्रत्यक्ष उपयोगी पडते काय, याचे उत्तर भट्टीपेक्षा जळालेल्या इमारती अधिक स्पष्टपणे देतात.

४ मे १९८८ च्या रात्री लॉस एंजेलिसमधील फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली. छतातील पाण्याचे स्प्रिंकलर बसविण्याचे काम तेव्हा चालूच होते. ते कार्यान्वित झालेले नव्हते. साडेतीन तासांहून अधिक काळ आग भडकत राहिली आणि चार मजले पूर्णपणे व पाचवा अंशतः जळून गेला. एक कर्मचारी प्राणास मुकला. परंतु सांगाड्याच्या मुख्य भागांना इजा झाली नाही. एक दुय्यम तुळई व तक्तपोशीचे काही पत्रे एवढेच बिघडले. फवारणीचा लेप काळजीपूर्वक दिलेला होता, हे श्रेय चौकशीत त्याला मिळाले.

दुसरी साक्ष स्पेनमधील माद्रिद शहरातील विंडसर मनोऱ्याची आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत बोलकी आहे. या उंच इमारतीच्या मधोमध काँक्रीटचा गाभा होता, तर बाहेरच्या कडेने पोलादी खांब होते. बांधणीच्या वेळी या खांबांना संरक्षण दिलेले नव्हते. पुढे नूतनीकरण निघाले आणि खालून वर, मजल्यामागून मजला घेत, खांबांना अग्निरोधक आवरण देणे सुरू झाले. सतराव्या मजल्याच्या खालचे काम नववा आणि पंधरावा हे मजले वगळता पूर्ण झालेले असतानाच, १२ फेब्रुवारी २००५ च्या रात्री एकविसाव्या मजल्यावर आग लागली. ती वर गेली, तशीच खालीही उतरली. सतराव्या मजल्याच्या वरचे उघडे खांब वाकले आणि बाहेरच्या कडेचे मजले एकावर एक कोसळत गेले. खाली आवरण मिळालेले खांब टिकले. राहून गेलेल्या नवव्या व पंधराव्या मजल्यांवरचे खांब मात्र वाकले. भार गाभ्याच्या भिंतींनी सावरला म्हणून तेथे पडझड झाली नाही. जणू कोणी मुद्दाम प्रयोग मांडावा, तसा एकाच इमारतीत, एकाच आगीत झाकलेल्या आणि उघड्या पोलादाचा निवाडा झाला. सुदैवाने इमारत रिकामी होती आणि कोणाचा बळी गेला नाही.

तिसरी साक्ष न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांची. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमाने आदळल्यानंतर दक्षिण मनोरा ५६ मिनिटांत आणि उत्तर मनोरा १०२ मिनिटांत कोसळला. तेथील मजले हलक्या कैच्यांवर तोललेले होते. या कैच्यांना मुळात १३ मिलिमीटर जाडीचा तंतुमय लेप ठरविला होता. एवढीच जाडी का, याला तांत्रिक आधार कागदपत्रांत सापडला नाही. पुढे जाडी ३८ मिलिमीटर करण्याचे ठरले आणि मजले रिकामे होतील तसतसे काम होत गेले. उत्तर मनोऱ्यातील आघात झालेल्या मजल्यांवर ते झाले होते, दक्षिण मनोऱ्यातील बहुतेक मजल्यांवर व्हावयाचे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा निष्कर्ष मात्र जाडीपेक्षा चिकटण्याकडे बोट दाखवितो. विमानांच्या आघाताने आणि उडालेल्या ढिगाऱ्याने लेप मोठ्या प्रमाणावर झडून गेला, पोलाद उघडे पडले आणि आगीने पुढचे काम केले. लेप जागेवर राहिला असता तर मनोरे बहुधा उभे राहिले असते, असे त्या संस्थेचे मत आहे.

त्याच दिवशी सायंकाळी शेजारची ४७ मजली सात क्रमांकाची इमारतही पडली. तिच्यावर विमान आदळले नव्हते आणि तिच्या पोलादाला लेपही होता. परंतु स्प्रिंकलरना पाणी पुरविणारी शहराची मुख्य नळवाहिनी तुटलेली होती, आग सुमारे सात तास अनिर्बंध चालली, आणि लांबत गेलेल्या तुळयांनी एका मुख्य तुळईला तिच्या बैठकीवरून ढकलून दिले. लेपामुळे वेळ मिळतो. त्या वेळात पाणी आले पाहिजे व माणसे बाहेर पडली पाहिजेत.

चिकटण्याची परीक्षा

या अनुभवानंतर अमेरिकेच्या आदर्श इमारत संहितेत २००९ पासून लेपाच्या पकडीची मर्यादा उंचीनुसार वाढविण्यात आली. परीक्षा अगदी सोपी आहे. सुमारे आठ सेंटिमीटर व्यासाचे एक झाकण डिंकासारख्या मजबूत द्रव्याने वाळलेल्या लेपावर चिकटवितात, त्याच्या आकड्याला ताणकाटा अडकवितात आणि लेप सुटेपर्यंत ओढतात. साधारण इमारतीत अशा झाकणाने सुमारे चार किलोंची ओढ सहन करावी. २३ मीटरांहून उंच इमारतीत सुमारे अकरा किलोंची. आणि १२८ मीटरांहून उंच इमारतीत सव्वीस किलोंच्या आसपास. जाडी तपासण्यासाठी तर याहून साधे साधन असते, एक खुणा केलेली सुई आणि तिच्यावर सरकणारी चकती. घनतेसाठी लेपाचा तुकडा कापून, वाळवून, वजन करतात. यांपैकी एकाही परीक्षेला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती शिडी चढण्याची तयारी.

पकड मिळावयाची तर फवारणीपूर्वीची सफाई महत्त्वाची. पोलादावरचे तेल, सुटा गंज आणि पापुद्रे निघाले पाहिजेत. अगोदर दिलेला रंग या लेपाशी जुळतो की नाही हे प्रयोगाने ठरलेले असावे, अन्यथा प्रथम तारेची जाळी बसवावी. वायुनलिका, विजेच्या नळ्या इत्यादींचे टांगणे फवारणीच्या आधी जोडावे. नलिका मात्र नंतर टांगाव्यात, नाहीतर त्यांच्या आडोशाला तुळईचा भाग कोराच राहतो. आपल्याकडे पावसाळी दमट हवेत, चारी बाजूंनी बंद झालेल्या मजल्यावर हा लेप दिवसेंदिवस ओला राहतो, म्हणून वारा खेळता ठेवणे अगत्याचे असते. उघड्यावर, पावसाच्या माऱ्यात हलका जिप्समचा लेप मुळीच चालत नाही. तेथे सिमेंटचा घट्ट लेपच हवा.

आपल्या इमारती

महाराष्ट्रातील बहुसंख्य बहुमजली इमारती सिमेंट काँक्रीटच्या आहेत, आणि सळ्यांवरचे काँक्रीटचे आच्छादन हेच त्यांचे अग्निकवच होय. ते उखडले आणि गंजक्या सळ्या उघड्या पडल्या की तेथेही हाच धोका उभा राहतो, हे शाळाखोल्यांची दुरुस्ती करणाऱ्यांनी विसरू नये. परंतु पोलादी सांगाड्याचे बांधकामही आता सर्वत्र दिसते. गोदामे, कारखान्यांच्या शेड, क्रीडागृहे, मोठी सभागृहे व कार्यालये ही त्याची उदाहरणे. प्रत्येक शेडला फवारणी करावी असे आमचे म्हणणे नाही. चारी बाजूंनी दारे असलेल्या एकमजली गोदामात लेपापेक्षा वायरिंगची दुरुस्ती, मालाच्या थप्प्यांमधील मोकळ्या वाटा आणि न अडविलेले दरवाजे यांवर खर्च केलेला पैसा अधिक सार्थकी लागेल. ज्या पोलादाच्या वर किंवा खाली माणसे वावरतात त्याची गोष्ट निराळी. त्याच शेडमध्ये लोखंडी चॅनेलवर पोटमाळा काढून वर कचेरी थाटली, आणि खाली कापसाच्या गाठी किंवा बारदान रचले, म्हणजे वरच्या माणसांचे आयुष्य त्या उघड्या चॅनेलवर अवलंबून राहते. अशा ठिकाणी अभियंत्याचा सल्ला घेऊन आवरण द्यावे. फवारणीचे यंत्र आणणे परवडत नसेल तर जाळीवरचा पुरेसा जाड गिलावा किंवा जिप्समचे तक्ते यांचाही विचार करता येतो.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील चौथा भाग इमारतीच्या प्रकारानुसार खांब, तुळया आणि तक्तपोशी यांनी किती तास आगीला तोंड द्यावे हे ठरवितो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, तेथे उपाययोजना सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करावयाचे असते. या तपासणीत पंप सुरू करून पाहिला जातो, नळ्या उलगडल्या जातात, अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख वाचली जाते. लेप मात्र फॉल्स सीलिंगच्या वर अंधारात असतो आणि दिसावयास कुरूप असतो. त्याच्याकडे मान वर करून कोणी पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक इमारतीत प्रस्तुत लेखकाने सीलिंगची एक फळी सरकवून वर विजेरीचा झोत टाकला. मुख्य तुळईवर लेप होता, पण दर मीटर-दीड मीटरावर हातभर जागा खरवडून पोलाद चकचकीत केलेले दिसले. नंतर आलेल्या वीजतंत्र्यांनी आपल्या पट्ट्या अडकविण्यासाठी ते केले होते. त्यांना दोष तरी कसा द्यावा? तो राखाडी खरबरीत थर म्हणजे बांधकामाची राहिलेली घाण असावी, असाच त्यांचा समज होता, आणि तसे नसल्याचे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. कार्यालयातील धारिकेत मात्र त्या तुळईची दोन तासांची नोंद जशीच्या तशी होती.

दुरुस्ती अवघड नव्हती. उघड्या जागा पुसून घेतल्या, सुटे पडलेले काठ घट्ट थरापर्यंत कापले, आणि मूळच्याच मिश्रणाचा लेप गवंड्याने थापीने भरून जाडी सुईने मोजून घेतली. मिश्रण निराळे वापरले तर जुन्या-नव्याचा सांधा पुढे सुटतो, एवढे पथ्य पाळावे लागले. काम दोन दिवसांत आटोपले. त्यानंतर त्या कार्यालयाने वीज, वातानुकूलन व दूरध्वनी यांच्या प्रत्येक कार्यादेशात एक वाक्य घालण्यास सुरुवात केली: तुळई अथवा खांबावरील लेप काढावा लागल्यास तशी लेखी सूचना द्यावी आणि तो पूर्ववत करून, मोजून दिल्याखेरीज देयक मंजूर होणार नाही.